मनुकांचं पातेलं

शारजाच्या गजबजलेल्या रोल्लात पार्किंग मिळालं की मी हळूच 'आमेन' म्हणते. देवाला याहून मोठी कामं असतात हे मला कळतं, पण रोल्लात जागा मिळते ती त्याच्याच कृपेने, यात मला शंका नाही. त्या शनिवारीही म्हटलं. शेजारी बसलेल्या रियाने, म्हणजे माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीने, कानातला इअरफोन काढून विचारलं, "मम्मा, हाउ लाँग विल धिस टेक?"

"थोडा वेळ. शीलाकाकूंकडे जाऊन पातेलं बघायचं आणि यायचं."

"वी केम ऑल द वे फ्रॉम जेएलटी टू सी अ पातेलं?"

दुबईच्या दुसऱ्या टोकाहून तासाभराची वाट, तिचंही बरोबर होतं. खरं तर मलाही यायचं नव्हतं. शीलाकाकू पुढच्या महिन्यात कायमच्या नगरला चालल्या होत्या. काकांची नोकरी संपली, व्हिसा संपला, खलास. आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे इथल्या मराठी चर्चमध्ये, उपासनेत घोटभर घ्यायचा तो प्रभुभोजनाचा द्राक्षरस काकू घरी करायच्या, काळ्या मनुका उकळून. आठवडाभरापूर्वी ईस्टरची उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं होतं, "काकूंनंतर मनुका कुणाकडे?" कुणीच हात वर केला नाही. पेटी वाजवणारं घर दोन नाताळांमागेच परत गेलं होतं, तेव्हापासून आम्ही मोबाइलवर चाल लावून गातो. पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "मग आपण इंग्लिश उपासनेत मिसळून जाऊ. तिथे सगळं तयार असतं. आपली वेळ दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल." रागावून म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. ते तर दमून म्हणाले.

मी तेव्हा चपलांकडे बघत होते. मी या मंडळीची नाताळची आणि ईस्टरची पाहुणी. एरवी आम्ही घराजवळच्या मोठ्या इंग्लिश चर्चला जातो. गाडी लावायला बेसमेंट आहे, पडद्यावर गाण्याचे शब्द येतात, मुलांचा वेगळा क्लास असतो. तिथला रस तेवढा मला नेहमी पाणचट लागतो. वय झालं की जिभेची चव जाते म्हणतात, तसं काही असेल असं समजून मी गप्प बसायचे. संध्याकाळी काकूंचा फोन आला. "तू घे असं मी म्हणत नाही गं. पण शेवटचं तरी बघायला ये. तुझ्या आईचं पातेलं आहे ते."

आईचं नाव काढलं की मी कुठेही जाते, हे काकूंना पक्कं ठाऊक आहे.

बिल्डिंग तीच, माझ्या लहानपणीची. आम्ही राहायचो त्याच्या दोन मजले वर काकू राहतात. खाली तेव्हा घड्याळांचं दुकान होतं, आता मोबाइलची कव्हरं मिळतात. लिफ्ट बंद होती, ती तेव्हाही बंदच असायची. आम्ही जिन्याने निघालो. आमच्या जुन्या दाराशी पोचलो आणि वास आला. उकळणाऱ्या मनुकांचा. गोड, थोडा आंबूस, थोडा करपल्याची भीती घालणारा. वरून येत होता, पण माझे पाय आमच्याच दाराशी थांबले. रिया म्हणाली, "मम्मा? यू ओके?" मी म्हटलं, दम लागला.

तो वास म्हणजे आमचा गुरुवार. महिन्याचा पहिला शुक्रवार प्रभुभोजनाचा, म्हणून त्याच्या आदल्या दिवशी आई सकाळीच मनुका निवडायला बसायची. एकेकीचा देठ काढायचा, तीन पाण्यांतून धुवायच्या, भिजत घालायच्या. शाळेतून आलो की पातेल्यात त्या टम्म फुगलेल्या दिसायच्या. मग मंद आचेवर उकळी, डावाने कुस्करणं आणि मलमलच्या पांढऱ्या फडक्यातून गाळणं. ते फडकं कितीही धुतलं तरी जांभळटच राहायचं. एका बाजूला बाबा इस्त्री करत असायचे. बाबा कंपनीत ड्राफ्ट्समन, त्यामुळे शर्टाच्या घड्यासुद्धा पट्टी लावल्यासारख्या. खिडकीतला एसी खरखरायचा, त्याचं पाणी बाहेरच्या पत्र्यावर टपटपायचं. त्या घरात मी फार सुखात होते.

आमचा रविवार शुक्रवारी यायचा. नगरच्या चुलतभावंडांना हे सांगितलं की ती खो खो हसायची. सुट्टीच शुक्रवारी, तर उपासना दुसऱ्या कोणत्या वारी करणार? आता सुट्टी बदलली, उपासनाही रविवारी गेली, तरी शीलाकाकू फोनवर म्हणतात, "या रविवारी शुक्रवारला येशील ना?" आणि त्यांना यात काही चुकीचं वाटत नाही.

सगळ्या चर्चना मिळून दिलेल्या कंपाउंडमध्ये आमचा हॉल होता; त्याला बाहेर क्रूस नव्हता, घंटा नव्हती. बाहेरून बघणाऱ्याला शाळा वाटावी. आमच्या आधी मल्याळी मंडळी बसायची. त्यांची उपासना लांबली की आम्ही उन्हात भिंतीला चिकटून उभे. मग दारं उघडायची, खोबरेल तेलाचा आणि उदाचा वास घेऊन ती सगळी बाहेर यायची, आणि आम्ही आत जाऊन बसायचो तेव्हा खुर्च्या अजून गरम असायच्या. मला लहानपणी त्याची फार किळस यायची. आई म्हणायची, "बस गं, प्रार्थना करूनच गेलेत ते, मारामारी करून नाही." आमच्यामागून फिलिपिनो मंडळी गिटार घेऊन दाराशी हजर, म्हणजे आमच्याही खुर्च्या कुणालातरी गरमच मिळत. जुम्म्याची अजान झाली की पाळकसाहेब प्रवचन आटोपतं घ्यायचे. नगरला पहिल्यांदा देवळाची, म्हणजे आमच्या तिथल्या चर्चची, घंटा ऐकली तेव्हा मी दचकले होते. उपासना म्हटली की माझ्या कानाला अजानच यायची, आणि अजून येते.

नगरचं आमचं देऊळ दगडी. तिथे आत्याच्या घराचा ठरलेला बाक आहे. पणजोबा बसायचे, आजोबा बसायचे, आता आत्या बसते. एकदा त्या बाकावर कुणी पाहुणे बसले तर आत्या महिनाभर धुसफुसत होती. आमच्याकडे खुर्च्या प्लॅस्टिकच्या, आणि माणसंही त्या खुर्च्यांसारखी, आज इथे तर उद्या तिथे. ज्या मैत्रिणीबरोबर सुट्टीत पत्ते खेळले, तिचं घर पुढच्या सुट्टीला पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरलेलं असायचं, खोक्यांवर जाड मार्करने नाव आणि गाव. किती रडले असेन मी त्या खोक्यांवर बसून.

म्हणूनच असेल, पण आमच्यात एक रीत होती. परत जाणाऱ्या घराने आपलं काम दुसऱ्या घराला शिकवून जायचं. चहाचं काम असो, पेटीचं असो, आजाऱ्याला डबा द्यायचं असो. आणि शेवटच्या वेळी जाणाऱ्याने हात लावायचा नाही. नुसतं शेजारी बसायचं. चुकू द्यायचं. ही रीत कुणी घातली कुणास ठाऊक, पण ती नीट पाळली जाते की नाही ते जोसेफकाका बघायचे. ते आमच्या मंडळीचे पंच, आवाज खर्जातला, मिशा पोलिसासारख्या. "आपण सगळे इथे व्हिसावर," ते म्हणायचे, "मंडळी तेवढी व्हिसावर नाही." पेटी तेव्हा तेच वाजवायचे; स्वतः सोलापूरला परत निघाले तेव्हा ती शिकवलेल्या माणसाशेजारी बसून होते. तो चुकीच्या पट्टीत सुरू झाला. काकांनी मिशी चावली, पण हात मांडीवरून उचलला नाही. सगळी मंडळी त्या चुकीच्या पट्टीत गायली, आणि जोसेफकाका सगळ्यांत मोठ्याने.

चुकीवरून आठवलं. आमच्या घरची चूक तर मंडळीत गाजलेली. मी तेव्हा चौथीत असेन. आई माझ्या आजीच्या आजारपणासाठी नगरला गेली होती आणि प्रभुभोजनाचा शुक्रवार आला. तिकडून फोन म्हणजे दोन वाक्यांत बोलणं आटपायचं. आई घाईघाईने म्हणाली, "वरच्या फळीवर काळी पिशवी आहे. धुवा, भिजवा, उकळा, गाळा." फोन ठेवला. बाबांना चहापलीकडे काही येत नव्हतं. वरच्या फळीवर काळ्या पिशव्या दोन. एकीत मनुका होत्या. दुसरीत समोरच्या फ्लॅटमधल्या पाकिस्तानी मावशींनी, आमच्या खालांनी, रमजानमध्ये दिलेला खजूर. बाबांनी खजुराची उघडली, आणि त्यांना जराही संशय आला नाही. "आपण आखातात आहोत ना," ते मला समजावून सांगत होते, "इथे खजुराचाच करत असणार." वर इंजिनीअरसारखं ताठ उभं राहून त्यांनी तो उकळला. रंग तपकिरी आला, आणि दाट इतका की फडक्यातून पडेना. मग त्यांनी पाणी घालून घालून तो पातळ केला.

दुसऱ्या दिवशी ट्रेमधल्या चिमुकल्या ग्लासांत तो फिरला. सगळ्यांनी डोळे मिटून घेतला. मग एकेक डोळा उघडला. पाळकसाहेबांनी शेवटचा आशीर्वाद दिला, अगदी गंभीरपणे, फक्त त्यांचा गळा दोनदा हलला. शीलाकाकू तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आलेल्या, त्यांचा इथला पहिलाच शुक्रवार. त्या बाहेर चहाच्या वेळी भाबडेपणाने म्हणाल्या, "इथे खजुराचा करतात वाटतं. छान असतो हो!"

तेव्हा कुठे फुटलं. एक पंच तापले. शास्त्रात द्राक्षवेल आहे, खजुरीचं झाड नाही, हे प्रभुभोजन झालंच नाही, पुन्हा घ्या, असं बरंच काही. बाबा भिंतीशी उभे होते, शर्टाची घडी अजून कडक आणि चेहरा मात्र पार उतरलेला. मी त्यांचा हात धरला होता. मला वाटलं, आता आपल्याला इथून काढून टाकणार. पुन्हा या गरम खुर्च्यांवर बसायला मिळणार नाही. तेवढ्यात जोसेफकाका मिशी पुसत आले आणि म्हणाले, "आज प्रभू शारजात मुक्कामी होता वाटतं. पाहुण्याला घरात जे असेल तेच वाढतात. चला, चहा निवतोय."

लोक हसले. तापलेले पंचसुद्धा, नाइलाजाने. आणि पुढच्या महिन्यात, आई अजून नगरलाच असताना, गुरुवारी संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात मंडळीतल्या बायका उभ्या, हातात मनुकांच्या पुड्या, मागे नवरे आणि पोरं. बाबांना मध्ये उभं करून त्यांनी त्यांच्याचकडून रस करवून घेतला. कुणी कांदे चिरून पोहे टाकले. आम्ही पोरांनी बाथरूमच्या बादल्या उपड्या घालून तबला वाजवला. त्यानंतर तो दर महिन्याचा शिरस्ताच झाला. मनुका आमच्याकडे उकळायच्या आणि मंडळी अख्खी आमच्याकडे जमायची. आई परत आली तर तिला स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहायला जागा नव्हती.

तिने मात्र बाबांना जन्मभर सोडलं नाही. दर महिन्याच्या त्या गुरुवारी पातेलं चढवलं की आतून आवाज द्यायची, "अहो, तुमचा खजूर अजून कुणी विसरलेलं नाही हं!" बाबा इस्त्री जोरात दाबायचे. कान लाल व्हायचे.

आईबाबा परत गेले तेव्हा मनुका शीलाकाकूंकडे आल्या. मी तेव्हा नोकरीला लागले होते, संध्याकाळी घरी आले तर काकू ओट्याशी आणि आई स्टुलावर. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडवत, पुन्हा गुंडाळत. "उतू जाईल" एवढं एकदा म्हणाली, पण उठली नाही. नगरला जाऊन तिला जेमतेम दोन पावसाळे मिळाले. आईशिवायची नगरची वाट मला अजून सवयीची झालेली नाही.

काकूंनी दार उघडलं. "आलीस? यल्ला, चल, आधी हात धू." घरात खोकीच खोकी. एकावर लिहिलं होतं 'साळवे, नगर'. ओट्यावर आईचं पातेलं, एका कानाला चेपलेलं. मनुका एक उकळी येऊन फुगल्या होत्या. काकूंनी गॅस बारीक केला, डाव माझ्या हातात दिला आणि स्टुलावर जाऊन बसल्या. दोन्ही हात मांडीवर.

"काकू, मी फक्त बघायला आलेय."

"मग बघ की. बघता बघता हलव. खाली लागेल."

"तुम्ही हलवा ना."

"मी हात लावणार नाही बाई. शेवटचं आहे माझं."

रिया दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली, "आंटी, व्हाय कान्ट वी जस्ट बाय ग्रेप ज्यूस? लुलू सुपरमार्केट हॅज टेन टाइप्स."

मला वाटलं काकू दुखावतील. त्या म्हणाल्या, "आणला होता की आम्ही. तुझी आजी गेल्यावर मीच कंटाळले, म्हटलं कुठे देठ काढत बसा. खूप महिने डब्याचाच आणला. रस चांगला होता गं, त्याला नाव नाही ठेवणार. पण गुरुवारी माझ्याकडे कुणी आलंच नाही. कशाला येतील? आणि मग कोण आजारी आहे, कुणाची नोकरी गेली, काही कळेनासंच झालं. एका घरात बाळ झालं, ते मला बारसं झाल्यावर कळलं. त्या दिवशी गेले आणि मनुका आणल्या. आता उरलीत ती घरं येतात संध्याकाळी."

रिया पुढे आली आणि पातेल्यात डोकावली. मी कुस्करायला लागले. वाफेने चष्मा भरला. तेवढ्यात काकूंनी स्टुलावरूनच हात लांब केला आणि फडताळातल्या डबीतून काहीतरी काढून रियाच्या हातावर ठेवलं. "हा तू टाक त्यात. बी काढून."

खजूर होता. एकच.

"हा कशाला?" मी विचारलं.

"शिकवला तसाच करते मी. तुझ्या आईने शिकवला."

"आईने?"

"अगं, ती दर वेळी टाकायची, एक. मीही असंच विचारलं तिला. तर म्हणाली, 'आमच्या यांची चूक आहे ती. मंडळीने त्यांना ठेवून घेतलं, मग चुकीला का बाहेर काढायचं? राहू दे एक.' पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, मला काही सांगू नका, मी चव घेतो आणि गप्प बसतो."

मी डाव तसाच धरून उभी राहिले. इतकी वर्षं मोठ्या चर्चमध्ये जे कमी पडत होतं, ते जिभेचं नव्हतं तर. मला रडू फुटलं, अगदी पोरीसमोर. काकू उठल्या नाहीत, त्यांनी हातही मांडीवरून काढला नाही, फक्त म्हणाल्या, "हलव, लागेल."

रिया बी काढत होती. "सो आजोबा मेस्ड अप," ती हळूहळू म्हणाली, "अँड आजी जस्ट... केप्ट इट?" मग तिने तो खजूर पातेल्यात सोडला आणि माझ्या हातून डाव घेतला.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या नेहमीसारख्या गरम होत्या. मोबाइलवर चाल लागली. ट्रे फिरला. मी ग्लास तोंडाला लावला आणि गुरुवार परत आला, इस्त्रीची वाफ, एसीची खरखर, आतून येणारा आईचा आवाज. थोडा करपलाही होता. काकूंनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे चालेल. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं, "मग मनुका कुणाकडे?" मी तोंड उघडायच्या आत शेजारून रिया म्हणाली, "आमच्याकडे." मराठीत म्हणाली, आणि तिचं तिलाच काही वेगळं वाटलं नाही.

संध्याकाळी बाबांना नगरला फोन केला. ते आता थोडं कमी ऐकतात, म्हणून मोठ्याने सांगितलं. मनुका आमच्याकडे आल्या, पातेलं आमच्याकडे आलं. आणि मग सांगितलं, "बाबा, आई दर महिन्याला त्यात एक खजूर टाकायची. तुमचा."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"टाकायची?" बाबा म्हणाले.

"हो. दर वेळी. काकूंनाही तसंच शिकवलं."

मग ते म्हणाले, "ती आतून ओरडायची ना, तुमचा खजूर कुणी विसरलेलं नाही म्हणून... मला वाटायचं, चिडवतेय."